एक वचन आणि संपूर्ण शास्त्र

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या धर्मग्रामाच्या सणाची तयारी ऐन भरात होती. संध्याकाळची मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्तीत उपासनेची वस्त्रे उतरवीत होतो. तेवढ्यात एक माता दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात बायबल होते आणि मध्ये खूण म्हणून बसचे तिकीट घातलेले होते. ती म्हणाली, "फादर, एक विचारायचं होतं. आसा राजा देवाला सोडून वैद्यांकडे गेला आणि मेला, असं बायबलमध्ये खरंच लिहिलंय का?"

बाहेर सण-समितीची मंडळी खोळंबली होती. मंडप, रोषणाई, बँड यांचा हिशेब व्हायचा होता. मी घाईघाईने म्हणालो, "बाई, असल्या सभांना जाऊ नका. आपलं चर्च आहे, आपली मिस्सा आहे, तेवढं पुरे." तिने मान हलविली आणि ती निघून गेली. प्रश्न सुटला, असे मला वाटले. वस्तुतः मी तो ऐकलाच नव्हता.

नऊ दिवसांनी मला रुग्णालयातून निरोप आला. त्या मातेची चौदा वर्षांची मुलगी अतिदक्षता विभागात होती. तिला लहानपणापासून मधुमेह होता आणि रोज इन्सुलिनचे इंजेक्शन घ्यावे लागत असे. कोणा एका प्रार्थनासभेत कोणा एका प्रचारकाने त्या घराला सांगितले होते की, प्रार्थना झाल्यावरही सुई टोचून घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखविणे होय. घरच्यांनी तीन दिवस इंजेक्शन थांबविले. रक्तात आम्ल साचले आणि मुलगी बेशुद्ध पडली. परमेश्वराची कृपा आणि डॉक्टरांची शर्थ यांमुळे ती वाचली. मी तिला रुग्णाभ्यंगाचा संस्कार दिला आणि बाहेर येऊन त्या मातेशेजारी बाकावर बसलो. ती माझ्यावर रागावली नव्हती. शांतपणे, जणू स्वतःशीच बोलावे तशी ती म्हणाली, "फादर, त्यांनी मला वचन उघडून दाखवलं. तुम्ही नुसतं जाऊ नका म्हणालात."

माझ्याकडे उत्तर नव्हते. सेमिनरीत मी अनेक वर्षे पवित्र शास्त्र, ईशज्ञान आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला होता. परंतु त्या अभ्यासाची शिदोरी माझ्या कपाटातच राहिली होती. ज्या माणसांसाठी ती मला दिली गेली होती, ती माणसे उपाशी होती. आणि उपाशी माणूस समोर येईल ते अन्न खातो.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. तो प्रचारक बायबल हातात घेऊनच बोलत होता. त्याने दाखविलेले वचन खोटे नव्हते. मग वचन खरे असूनही शिकवण खोटी कशी ठरली? आणि खोट्या शिकवणीपासून आपले रक्षण पवित्र शास्त्र करते असे आपण म्हणतो, तर त्याच शास्त्राचा आधार घेऊन एक लेकरू मरणाच्या दारात कसे पोहोचले?

या प्रश्नाचे पहिले उत्तर खुद्द प्रभू येशूच्या जीवनात आहे. मत्तयच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय आपण प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी ऐकतो. तेथे सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाकण्यास सांगतो. तसे सांगताना तो शास्त्राचाच आधार घेतो. देवदूत नीतिमानाला हातांवर झेलून धरतील, हे एक्याण्णवाव्या स्तोत्रातील आश्वासन तो म्हणून दाखवितो. म्हणजे शास्त्र पाठ असणे ही पावित्र्याची खूण नव्हे. सैतानालाही ते पाठ आहे. प्रभू त्याला काय उत्तर देतो? तो स्तोत्र नाकारीत नाही. तो अनुवाद ग्रंथातील दुसरे वचन त्या स्तोत्राशेजारी ठेवतो. परमेश्वराची परीक्षा पाहू नये, या आज्ञेच्या उजेडात ते आश्वासन वाचले पाहिजे, असे तो दाखवून देतो. एका वचनाला त्याने संपूर्ण शास्त्राच्या सभेत बसविले. सैतानाजवळ वचन होते. प्रभूजवळ शास्त्र होते.

आता आसा राजाकडे वळू. त्या मातेला दाखविलेले वचन इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात आहे. कारकिर्दीच्या एकोणचाळिसाव्या वर्षी आसाच्या पायांना रोग जडला, तो बळावला, तरीही त्याने परमेश्वराचा शोध न घेता वैद्यांचा आश्रय केला आणि एक्केचाळिसाव्या वर्षी तो मरण पावला, असे तेथे नमूद आहे. एवढेच वाचले तर प्रचारकाचे म्हणणे बरोबर वाटते. परंतु तोच अध्याय पहिल्या ओळीपासून वाचून पाहावा. इस्राएलच्या राजाने चढाई केली तेव्हा आसाने परमेश्वरावर भिस्त न ठेवता मंदिराच्या भांडारातील सोनेरुपे अरामच्या राजाकडे पाठवून त्याचे साहाय्य विकत घेतले. हनानी नावाच्या द्रष्ट्याने त्याची कानउघाडणी केली, तेव्हा राजाने त्या देवमाणसाला बंदिवासात टाकले आणि प्रजेतील काहींचा छळ केला. ज्या हृदयाने सुखाच्या दिवसांत देवाकडे पाठ फिरविली, ते दुखण्यातही देवाकडे वळले नाही, हा त्या कथेचा आशय आहे. आसाचा दोष वैद्यांकडे जाण्यात नव्हता. देवाकडे न जाण्यात होता.

शिवाय त्याच शास्त्रात आणखी एक आजारी राजा आहे. राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात हिज्कीया मरणोन्मुख होऊन पडला आहे. तो भिंतीकडे तोंड करून रडतो आणि प्रार्थना करतो. यशया संदेष्टा त्याला देवाचा निरोप देतो की, त्याचे अश्रू देवाने पाहिले आहेत आणि त्याला आणखी पंधरा वर्षांचे आयुष्य लाभेल. यानंतर यशया काय करतो? तो अंजिराचे पोटीस आणावयास सांगतो. ते गळवावर बांधले जाते आणि राजा बरा होतो. देवाने वचन दिले होते, तरी पोटीस बांधण्यात अविश्वास होत आहे असे त्या संदेष्ट्याला वाटले नाही. प्रार्थना आणि औषध एकाच बिछान्याजवळ होती. आसाची कथा सांगणाऱ्याने हिज्कीयाची कथा गाळली. शास्त्राच्या नावाने शास्त्रालाच मुके करणे ते हेच.

नव्या करारातही हेच दिसते. ज्या पौलाच्या हातून देवाने अद्भुते घडविली, तो त्रफिमाला मिलेत येथे आजारी ठेवून पुढे गेल्याचे तिमथ्याला लिहितो. तिमथ्याच्या पोटाच्या वारंवार होणाऱ्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घेण्याचा घरगुती उपायही तो सुचवितो. स्वतःच्या शरीरातील काट्यासाठी त्याने तीनदा प्रार्थना केली. काटा निघाला नाही, कृपा मात्र पुरेशी मिळाली. त्रफिम, तिमथ्य आणि पौल या तिघांच्याही ठायी विश्वास कमी होता, असे म्हणण्यास कोण धजेल? पौलाचा जो सोबती लूक, त्याला तो कलस्सैकरांच्या पत्रात प्रिय वैद्य म्हणून संबोधतो. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने तो हिशेबच मोडून काढला, हे योहानाच्या नवव्या अध्यायात आपण वाचतो. आजार म्हणजे विश्वासाचा अभाव, ही शिकवण नवी नाही. ईयोबाचे मित्र तीच शिकवण घेऊन त्याच्या राखेजवळ बसले होते. ते भाविक होते, त्यांची भाषा धार्मिक होती, पण ग्रंथाच्या शेवटी परमेश्वराचा कोप त्यांच्यावरच झाला.

सिराखचा ग्रंथ आपल्या कॅथॉलिक बायबलमध्ये आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे, असे सांगितले आहे. औषधे देव भूमीतून उगवितो आणि शहाणा माणूस ती तुच्छ मानीत नाही. आजारात आधी प्रार्थना करावी, मन शुद्ध करावे आणि मग वैद्यालाही त्याची जागा द्यावी, असा क्रम तेथे घालून दिलेला आहे. त्या मातेच्या हाती जे बायबल आले होते, त्यात हे पुस्तकच नव्हते. आणि ज्यात हे पुस्तक आहे, ते बायबल तिच्या घरी काचेच्या कपाटात लग्नाच्या भेटवस्तूंमध्ये ठेवलेले होते. पहिल्या गोष्टीचा दोष दुसऱ्या कोणाला देता येईल. दुसरीचा दोष माझा आहे.

१९२२ साली टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलाला प्रथमच इन्सुलिन टोचले गेले. त्यापूर्वी अशा मधुमेहाने ग्रासलेली मुले पाहता पाहता खंगून जात. शंभर वर्षांपूर्वीच्या आईबापांनी रात्ररात्र गुडघे टेकून जी याचना केली असेल, तिचे एक उत्तर त्या छोट्या कुपीत आहे, असे मला वाटते. ते उत्तर परत करणे याला विश्वास कसे म्हणावे?

एकेक वचन खरे, पण मांडणी खोटी, हा अनुभव ख्रिस्तसभेला दुसऱ्या शतकापासूनच आहे. लियोंचे बिशप संत आयरेनियस यांनी इ. स. १८० च्या सुमारास पाखंडी मतांविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी एक मार्मिक दृष्टान्त दिला आहे. एखाद्या कुशल कारागिराने मौल्यवान रत्ने जडवून राजाचे सुंदर चित्र तयार केले. दुसरा कोणी आला, त्याने ती रत्ने उचकटली आणि त्यांचीच फेरजुळणी करून कुत्र्याचे किंवा कोल्ह्याचे चित्र बनविले. मग तो लोकांना सांगू लागला की, राजाचे चित्र ते हेच, पाहा, रत्ने तीच आहेत! रत्ने खरोखरच तीच होती. पण ज्यांनी राजाचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता, ते फसले.

या दृष्टान्तात आपल्या प्रश्नाचे दुसरे उत्तर आहे. रत्ने ओळखता येणे पुरेसे नाही. राजाचा चेहरा ठाऊक असावा लागतो. आयरेनियस यांना तो चेहरा कोठून ठाऊक झाला? बालपणी ते स्मिर्नाचे बिशप संत पॉलिकार्प यांच्या पायाशी बसले होते, आणि पॉलिकार्प यांनी योहानाच्या मुखातून प्रभूविषयी ऐकले होते. ग्रंथ आणि ग्रंथ समजावून देणारी जिवंत साखळी, अशी दोन्ही त्यांच्याजवळ होती. यालाच आपण पवित्र परंपरा म्हणतो. परंपरा म्हणजे बायबलबाहेरची कोणती गुप्त पोतडी नव्हे. ज्या कुटुंबात हे पत्र आले, त्या कुटुंबाची ती स्मृती आहे.

त्याच शतकात मार्सियन नावाच्या इसमाने रोममध्ये उलट वाट धरली. जुन्या करारातील देव कठोर आणि येशूचा पिता दयाळू, म्हणून ते दोन वेगळे देव आहेत, असे त्याने ठरविले. मग या मताला न जुळणारे सारे काही त्याने शास्त्रातून कापून काढले. जुना करार गेला, शुभवर्तमानांपैकी फक्त लूकचे, तेही कातरलेले, उरले आणि पौलाची दहा पत्रे शिल्लक राहिली. इ. स. १४४ च्या सुमारास रोमच्या ख्रिस्तसभेने त्याला दूर केले. मार्सियनने कात्री उघडपणे चालविली. आपण ती गुपचूप चालवितो. आवडती वचने अधोरेखित करतो, अवघड पाने उलटून टाकतो आणि जे उरते त्याला देवाचा शब्द म्हणतो.

हे मी केवळ परक्यांविषयी लिहीत नाही. एका घरच्या भांडणात मध्यस्थी करण्यासाठी मी गेलो असता नवरा मला म्हणाला, "फादर, बायकोनं नवऱ्याच्या अधीन राहावं, असं पौल सांगतो ना?" तो दर रविवारी मिस्साला येणारा, आपल्यातलाच माणूस होता. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील ते वचन त्याला पाठ होते. परंतु त्याच्या अगोदरच्याच वाक्यात पौल सर्वांना परस्परांच्या अधीन होण्यास सांगतो, हे त्याला ठाऊक नव्हते. तीन वाक्यांनंतर तो नवऱ्यांना, ख्रिस्ताने ख्रिस्तसभेसाठी प्राण दिला तशी प्रीती करण्यास बजावतो, हेही त्याला ठाऊक नव्हते. वेदीवर प्राण देणाऱ्याचा आदर्श त्याने हात उगारण्याच्या परवान्यात बदलून टाकला होता. खोटी शिकवण दरवेळी परगावाहून येते असे नाही. पुष्कळदा ती आपल्याच ओसरीवर वाढते.

येथे काही वाचक विचारतील, "मग फादर, सामान्य माणसाने बायबल न वाचलेलेच बरे नाही का? चूक होण्याची भीती तरी राहणार नाही." हा विचार आपल्या ख्रिस्तसभेतही एके काळी प्रबळ होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ट्रेंटच्या विश्वपरिषदेनंतर १५६४ साली निघालेल्या नियमांनी लोकभाषेतील बायबल वाचण्यासाठी अधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक ठरविली. हेतू रक्षणाचा होता. परिणाम दुराव्याचा झाला. आपल्या भूमीत मात्र एक वेगळा दीप लागला होता. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय धर्मगुरूने आदामापासून ख्रिस्तापर्यंतची तारणकथा सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत गुंफली. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. लोकांना आपल्या भाषेत आपला धर्मग्रंथ हवा असतो, हे त्या परदेशी माणसाने ओळखले होते. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले. आईच्या भाषेतील कथा जेव्हा हिरावली जाते, तेव्हा विश्वास सवयीपुरता उरतो, आणि सवय वादळात टिकत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने हा दुरावा संपविण्याचे ठरविले. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध झालेल्या ईशप्रकटनविषयक दस्तऐवजात, पवित्र शास्त्राचे दार सर्व श्रद्धावंतांना सताड उघडे असावे, असा आग्रह धरला आहे. शास्त्राविषयीचे अज्ञान म्हणजे ख्रिस्ताविषयीचेच अज्ञान, हा संत जेरोम यांचा इशाराही तेथे पुन्हा दिला आहे. शास्त्र कसे वाचावे, याची कसोटीही त्याच दस्तऐवजात आहे. लेखकाचा हेतू आणि लेखनप्रकार ध्यानी घ्यावा, संपूर्ण शास्त्राची एकता पाहावी, ख्रिस्तसभेची जिवंत परंपरा आणि विश्वासाच्या सत्यांतील परस्परसंगती सांभाळावी. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ख्रिस्तसभेचा शिक्षणाधिकार देवाच्या शब्दाच्या वर नसून त्याचा सेवक आहे, असे विश्वपरिषदेने स्पष्ट केले. सेवकाचे काम ताट वाढण्याचे असते, स्वयंपाकघराला कुलूप लावण्याचे नव्हे. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी सामान्य काळातील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून नेमून दिला, तो याच जाणिवेतून.

म्हणून न वाचणे हा उपाय नव्हे आणि एकट्याने, कोणालाही न विचारता वाचणे हाही उपाय नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातील कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचीत होता. कोणी वाट दाखविल्यावाचून मला कसे कळेल, असे त्याने फिलिपाला विचारले. फिलिपाने त्याच्या हातातील गुंडाळी काढून घेतली नाही. तो रथात चढला, त्याच्या शेजारी बसला आणि तो वाचीत होता त्याच ओळीपासून त्याने ख्रिस्त सांगण्यास आरंभ केला. माझ्या सॅक्रिस्तीच्या दाराशी बायबलमध्ये खूण घालून उभी असलेली ती माता आठवली की हा अध्याय मला बोचतो. तिचा रथ थांबला होता. मी चढलो नाही.

तिसरी कसोटी संत ऑगस्टीन यांनी दिली आहे. ज्या अर्थाने देवावरील आणि शेजाऱ्यावरील दुहेरी प्रीती वाढीस लागत नाही, तो अर्थ लावणाऱ्याला शास्त्र अजून समजलेलेच नाही, असे ते ख्रिस्ती शिकवणुकीविषयीच्या आपल्या ग्रंथात सांगतात. ही कसोटी लावण्यास ग्रीक वा हिब्रू यावी लागत नाही. या शिकवणीने माझ्या घरातील दुबळ्याचे काय होते, एवढेच विचारावे. केनियातील शाकाहोलाच्या जंगलात २०२३ साली चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढण्यात आले. प्रभूच्या भेटीसाठी अन्नपाणी वर्ज्य करण्याची शिकवण तेथे दिली गेली, असा आरोप आहे. मृतांत लहान मुले होती. ज्याने लेकरांना जवळ घेतले आणि भुकेल्या समुदायाला भाकरी दिली, त्याच्या नावाने लेकरांना उपाशी ठेवले गेले. राजाचा चेहरा ज्याला ठाऊक आहे, त्याला हे चित्र कोल्ह्याचे आहे हे ओळखण्यास क्षणही लागू नये.

सगळ्या खोट्या शिकवणी इतक्या भयंकर नसतात. काही फक्त माणसाची पुंजी आणि मनःशांती घेऊन जातात. हॅरोल्ड कॅम्पिंग या अमेरिकी रेडिओ-प्रचारकाने बायबलमधील आकड्यांचे गणित मांडून २१ मे २०११ हा न्यायाचा दिवस असल्याचे जाहीर केले. अनेकांनी कामधंदे सोडले. तो दिवस आला आणि गेला. पुढल्या वर्षी त्याने आपली चूक कबूल केली. तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, हे मार्कच्या तेराव्या अध्यायात प्रभूने सांगितलेले आहे. एवढी एक गोष्ट ध्यानात असती, तरी ते गणित पहिल्याच पायरीवर थांबले असते.

आता सर्वांत कठीण प्रश्न. धर्मगुरूच चुकला तर? आम्ही वेदीवरून बोलतो म्हणून आमचे प्रत्येक वाक्य देवाचे होत नाही. बिरुयातील यहुद्यांविषयी प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात लिहिले आहे की, त्यांनी पौलाचे बोलणे उत्सुकतेने ऐकले आणि ते तसेच आहे की नाही, हे पाहण्यासाठी ते दररोज शास्त्रे धुंडाळीत राहिले. प्रत्यक्ष पौलाची पारख होत होती आणि पवित्र लेखक त्याबद्दल त्यांना उदार मनाचे म्हणून गौरवितो. पौल रागावला, असे कोठेही म्हटलेले नाही. पारख करून घेण्यास जो शिक्षक तयार नसतो, जो प्रश्नाला बंड म्हणतो, आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाचे ऐकू नका असे बजावतो आणि भीती दाखवून माणसे राखतो, त्याच्यापासून सावध राहावे. मग तो भाड्याच्या सभागृहात बोलत असो की आमच्यासारखा वेदीजवळ. देवाच्या शब्दाला भीतीचा पहारा लागत नाही.

सरतेशेवटी, श्रद्धेचा पाया शास्त्रात असणे म्हणजे काय? वचनांचा साठा जवळ असणे, असा त्याचा अर्थ नाही. प्रत्येक प्रश्नाला तयार उत्तर असणे, असाही नाही. ज्याच्या सहवासात आपण वाढलो, त्याचा आवाज ओळखता येणे, हा त्याचा अर्थ आहे. फोनवर कोणी अनोळखी माणूस आपल्या वडिलांच्या नावाने बोलू लागला, तर मुलगा त्याच्याशी वाद घालीत बसत नाही. आवाजावरूनच त्याला कळते. हा कान एका दिवसात तयार होत नाही. तिमथ्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता आणि बालपणापासून त्याला पवित्र शास्त्र ठाऊक होते, अशी आठवण पौल त्याला करून देतो. खोट्या शिक्षकांविषयी सावध करणाऱ्या पत्रातच ही आठवण आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पौलाच्या मते पाखंडाविरुद्धचा पहिला तट धर्मपीठात नाही, आजीच्या मांडीवर आहे.

त्या रुग्णालयातून परतल्यावर मी एक साधी गोष्ट सुरू केली. दर बुधवारी संध्याकाळी, रोझरीनंतर, एखाद्या घराच्या ओसरीवर आम्ही पंधरावीस जण जमतो. येत्या रविवारची वाचने अगोदरच्या आणि नंतरच्या अध्यायासह वाचतो. प्रश्न विचारण्यास मुभा असते. मला उत्तर ठाऊक नसेल तर पुढल्या बुधवारी शोधून आणतो. पहिल्या महिन्यात सहा माणसे येत होती. कोणी म्हणाले, "फादर, हे म्हणजे पुन्हा शाळेत बसल्यासारखं झालं." खरे आहे, मीही त्यांच्याबरोबर पुन्हा शाळेत बसलो आहे.

ती माता तेथे येते. तिची मुलगी आता कॉलेजात शिकते. ती स्वतःचे इंजेक्शन स्वतः घेते आणि त्यापूर्वी क्रूसाची खूण करते. ही सवय तिला कोणी लावली नाही. तिच्या आईनेच मला हे सांगितले. गेल्या वर्षी एका रविवारी मी याकोबाच्या पत्रातील आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेवर प्रवचन केले. मिस्सानंतर ती माता सॅक्रिस्तीच्या दाराशी आली. बायबल उघडलेले होते, खूण आताही बसच्या तिकिटाचीच होती. ती म्हणाली, "फादर, तुम्ही पंधराव्या ओवीवर थांबलात. पुढे सोळावीत एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आहे. ते का नाही घेतलंत?"

बाहेर माणसे खोळंबली होती. मी खुर्ची ओढली आणि तिला म्हणालो, "बसा. तिथूनच वाचू या."